खांदा 36चा, छाती 38ची

आजचा रविवार शिलाई मशीनपुढंच गेला. ड्रेसचं पेपर कटिंग (कापड बेतायचा कागदी साचा) 36 इंची, माझी छाती 38. मागच्या खेपेला सरळ मोठं माप घेतलं, तर खांदे ओघळले; हँगरलाच ड्रेस अडकवल्यासारखी दिसत होते!

या वेळी खांद्यासाठी 36च ठेवलं, छातीपुरतंच वाढवलं. पुढच्या भागाचा कागद कापला, मुंढ्याजवळ, म्हणजे बाही जोडतात तिथं, जेमतेम जोडलेला ठेवून 1 इंच फाकवला, खाली पट्टी चिकटवली. अर्धाच भाग ना, घडी उलगडली की 2 इंच. बाजूचा टक्स (छातीच्या आकारासाठी घालतात ती चिमटी) आपसूक रुंद झाला.

आई म्हणाली, "सकाळधरनं कागदच कापालीस की गं!"

मांजरपाटावर कच्ची शिलाई मारून बघितली, मगच खडेबाजारातल्या कापडाला कात्री लावली. संध्याकाळी घालून हात वर केला. मुंढा ओढला नाही! तुरपाई उद्या.