इलेक्ट्रिक की व्हिस्कस? वाळूने लावलेला निकाल

ज्यांना निकाल तेवढाच हवा आहे त्यांच्यासाठी आधीच लिहून टाकतो. सामानाने भरलेली गाडी, वाळू, लांबलचक चढ असा बेत असेल तर गाडीसोबत आलेला व्हिस्कस फॅन, म्हणजे रेडिएटर गार ठेवणारा, इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पंखा, काढू नका. वरचेवर खोल पाण्यात उतरायचं असेल तरच इलेक्ट्रिकचा, म्हणजे विजेच्या मोटरवर फिरणाऱ्या पंख्याचा, विचार करा. ‘इलेक्ट्रिक लावला की इंजिन मोकळं होतं, डिझेल वाचतं’ असं छातीठोकपणे सांगणारे बहुतेक जण डांबरी रस्त्यावरून बोलत असतात.

मलाही हेच ऐकवण्यात आलं होतं. निघण्याआधी गाडी सर्व्हिसिंगला दिली, तर तिथल्या मेकॅनिकने व्हिस्कस कपलिंग (पंख्याला इंजिनशी जोडणारा भाग) ‘बाद झालंय’ म्हणून काढून हातात ठेवलं आणि त्या जागी दोन इलेक्ट्रिक पंख्यांचं किट बसवलं. बिलात दोन रिले (पंख्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), जाड वायरिंग, वॉटरप्रूफ कनेक्टर, सगळं कसं ठळक अक्षरात. प्रत्यक्षात गाडीत काय होतं, ते पुढे येतंच.

डांबरी रस्त्याचे दिवस मजेत गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. ताशी 60 च्या आसपास गाडी धावत असली की समोरची हवाच रेडिएटर थंड ठेवते, पंखा कुठला आहे याचा फारसा संबंध येत नाही. त्यामुळे हायवेवर चक्कर मारून ‘बघा, तापमानाचा काटा हलत नाही’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तिथे पंखा नसता तरी काटा हलला नसता.

मग ते कोरडं नदीपात्र आलं. मऊ वाळू, टायरमधली हवा उतरवलेली, लो रेंज (फोर-व्हीलची संथ पण जोरदार गिअरजोडी), सेकंड गिअर, ताशी जेमतेम 15. आणि वारा पाठीमागून, जवळपास तेवढ्याच वेगाने. म्हणजे जाळीसमोर हवा स्थिर! रेडिएटरला जी काही हवा मिळणार ती फक्त पंखा ओढेल तेवढीच. इंजिन मात्र पूर्ण जोर लावतंय. यापेक्षा वाईट परिस्थिती पंख्यावर येत नाही, आणि सगळ्यांनी आपापला पंखा अशाच जागी तपासायला हवा.

थोड्याच वेळात काटा मध्यावरून सरकला. एसी बंद केला, हीटर पूर्ण उघडला (हो, त्या उन्हात, पाय भाजतात, पण हीटर म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच असतो). काटा थांबला, पण खाली येईना. गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं. पुढे जाणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं: कूलंट बाहेर पडत नसेल तर तापलेलं इंजिन झटकन बंद करू नका. पाण्याचं फिरणं थांबतं आणि इंजिनच्या वरच्या भागातली, हेडमधली उष्णता तिथेच अडकते. रेडिएटरचं झाकण तर गार होईपर्यंत कुणीही उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी.

बॉनेट उघडलं तेव्हा पंखे फिरत होते, पण आवाजात दम नव्हता. मल्टिमीटर लावला. बॅटरीवर 13.8 व्होल्ट, पंख्याच्या प्लगवर 11.2. मधले अडीच व्होल्ट गेले कुठे? फ्यूज होल्डरला बोट लावलं आणि चटका बसला. आतलं प्लॅस्टिक तपकिरी होऊन मऊ पडलं होतं, फ्यूज एका बाजूला कलला होता. गंमत म्हणजे फ्यूज उडालेला नव्हता. करंट जास्त नव्हताच, फ्यूजच्या ढिल्या पातीवर आणि बारीक वायरमध्ये नुसती उष्णता होत होती. रिले एकच, दोन्ही पंख्यांचा भार त्याच्यावर. दुसऱ्या रिलेचे पैसे मात्र चोख घेतलेले.

टायरमध्ये हवा भरायच्या एअर कंप्रेसरची जाड वायर तिच्यावरच्या फ्यूजसकट काढली आणि पंखे थेट बॅटरीला जोडले. आवाज लगेच बदलला, काटा हळूहळू उतरला. पण पंखे आता सतत चालू, गाडीत फ्रिज चालू, आणि गाडी थांबली की कमी आरपीएमवर (इंजिनचे मिनिटाला फेरे) अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग, आपल्या क्षमतेचा काही भागच देतो. दोन मोठे पंखे मिळून सहज 40 ते 50 अँपिअर खातात. फ्रिज बंद केला. उरलेलं पात्र गरम पाणी पीत पार केलं, आणि त्या वेळी मी त्या मेकॅनिकबद्दल जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सोबतच्या मित्राची गाडी तेच इंजिन, जवळपास तेवढंच वजन, पण व्हिस्कस जागेवर. तो शांतपणे पुढे जाऊन सावलीत थांबला होता. व्हिस्कसचं काम समजून घेतलं तर यात आश्चर्य नाही. पंखा बेल्टवर असतो, पण मध्ये सिलिकॉन ऑइल भरलेलं कपलिंग. त्याच्या तोंडावर द्विधातूची गुंडाळी. रेडिएटरमधून येणारी हवा साधारण 70 ते 80 अंशांवर गेली की ती गुंडाळी वळते, झडप उघडते, ऑइल खाचांमध्ये शिरतं आणि पंखा इंजिनसोबत ओढला जातो. हवा गार झाली की परत सुटा. वायर नाही, रिले नाही, सेन्सर नाही. वाळूत इंजिन 2000 आरपीएमच्या वर फिरत असतं, म्हणजे पंखाही जोरात.

‘ताकद खातो’ हा आरोप अर्धाच खरा आहे. पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते; वेग निम्मा केला की ताकद आठव्या हिश्शावर येते. हायवेवर आरपीएम जास्त असतं, पण तिथे कपलिंग बहुतेक वेळ सुटंच असतं. लो रेंजमध्ये पंखा जोडलेला असतो, पण वेग मध्यम. वाचणार काय, तर फार थोडं. आणि इलेक्ट्रिक पंखा फुकट फिरत नाही. त्याची वीज अल्टरनेटरमार्फत इंजिनच देतं, तीही वाटेत बराच तोटा सोसून.

इलेक्ट्रिक एका ठिकाणी निर्विवाद जिंकतो: गाडी उभी किंवा खडकांवरून मुंगीच्या पावलाने, आणि इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता संथ चालू. तिथे व्हिस्कस आळसावतो. पण त्यावर उपाय सोपा आहे, एक गिअर खाली घ्या किंवा उभं असताना आरपीएम 1500 पर्यंत धरा.

आता मित्राच्या गाडीची फजिती, नाहीतर लेख एकतर्फी होईल. चढ उतरून लगेच नदी होती, पाणी मांडीपर्यंत. इंजिन तापलेलं, त्यामुळे कपलिंग घट्ट जोडलेलं, आणि तो तसाच आत गेला. पंख्याची पाती पाण्यात आपटली की पुढे वाकतात, आणि पुढे रेडिएटर असतो. पलीकडे गेल्यावर रेडिएटरच्या मागच्या बाजूला अर्धवर्तुळाकार ओरखडा, पत्रे चपटे झालेले आणि एका नळीतून बारीक धार. नशीब की एकच नळी. चिमटीने दाबून, इपॉक्सी पुटी लावून काम भागवलं.

म्हणून पाण्याआधी थांबा. इंजिन बंद करून कपलिंग सुटू द्या. बॉनेट उघडून हाताने पंखा सहज फिरतोय ना ते पाहा. जाळीवर ताडपत्री आडवी बांधा, म्हणजे पाणी समोर ढकललं जातं आणि मागे खळगा राहतो. मग एकाच संथ वेगाने, न थांबता. इलेक्ट्रिकवाल्यांनी पंखे बंद करण्याचा स्विच डॅशबोर्डवर घेतलेला असावा, आणि एसीही बंद करावा, कारण एसी चालू असला की बऱ्याच गाड्यांत पंखे आपोआप लागतात. फिरता पंखा पाण्यात गेला तर मोटर जळते, नाहीतर पाती तुटतात.

पुढे घाट. उंचीवर दोन्ही पंखे सारखेच दुबळे होतात, हे लक्षात ठेवा. 4000 मीटरवर हवा सुमारे एक तृतीयांश विरळ. शिवाय रेडिएटरच्या 1 बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली साधं पाणी समुद्रसपाटीला 120 अंशांच्या आसपास उकळतं, तिथे 114 च्या आसपास. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर उरलेली सवलतही गेली. झाकण नवीन टाकून निघा.

परतल्यावर ते ‘बाद’ कपलिंग तपासलं. काहीही झालेलं नव्हतं. तपासणी कुणालाही जमते. थंड इंजिन, चावी काढलेली, पंख्याला हाताने झटका द्या: थोडा जडपणा जाणवून लगेच थांबला तर ठीक, भिंगरीसारखा फिरत राहिला तर ऑइल गेलं. पात्याचं टोक धरून पुढेमागे हलवा. खुळखुळलं तर बेअरिंग गेलं. गुंडाळीभोवती तेलकट धुळीची रेघ असेल तर गळती. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर थोडा वेळ घोंघावतो आणि शांत होतो, ते दुखणं नव्हे. रात्रभर ऑइल खाचांमध्ये उतरलेलं असतं. मी ते पुन्हा बसवलंय, श्राउडसकट (पंख्याभोवतीचं, हवेला वाट दाखवणारं कडं). श्राउड नसला तर दोन्हीपैकी कुठलाही पंखा तीच गरम हवा घोळत बसतो.

तरीही इलेक्ट्रिकच हवा असेल तर पंखे रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारे घ्या. पुढून ढकलणारे वाट अडवतात. प्रत्येक पंख्याला वेगळा रिले, वेगळा फ्यूज. अर्थिंग थेट बॅटरीला. बसवून झालं की मेकॅनिकसमोरच पंखे चालू करून प्लगवर मल्टिमीटर लावा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर पैसे देऊ नका. खोक्यावर लिहिलेला हवेचा आकडा पंख्यासमोर काहीच आडवं नसतानाचा असतो, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर मध्ये आल्यावर तो बराच घसरतो.

आणि सुटं व्हिस्कस कपलिंग सोबत नेणार असाल तर ते सामानात आडवं फेकू नका. गाडीत बसतं तसं उभं बांधा, नाहीतर गरजेच्या वेळी त्यातलं ऑइल पिशवीत सापडेल.