चोपड्याहून अलीगढ: परवडणाऱ्या एम.एस्सी.चा शोध

आमच्या चोपडा तालुक्यात घराच्या ओट्यावरून सातपुडा दिसतो आणि केळीच्या बागेत अधूनमधून बिबट्या. पण या बिबट्याचं शास्त्र शिकायचं म्हटलं, की जिल्हा सोडावा लागतो. मी झूलॉजीत बी.एस्सी. केलं. आमचे सर म्हणाले, उमवित (जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात) झूलॉजी किंवा पर्यावरणशास्त्र कर, घरून ये-जा होईल. सल्ला वाईट नव्हता, पण माझ्या डोक्यात वेगळंच होतं.

यावल अभयारण्यात बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला मी पाल भागात मचाणावर बसले होते. पहाटे पाणवठ्यावर अस्वल आलं. सोबतच्या वनरक्षक दादांनी छापील तक्त्यात वेळ लिहिली, ‘अस्वल’ लिहिलं, आणि नर-मादीच्या रकान्यात प्रश्नचिन्ह काढलं. मी विचारलं, यावरून जंगलात एकूण अस्वलं किती ते कसं कळणार? ते हसले. “ताई, ही हजेरी. मोजणी वेगळी असते.” ती वेगळी मोजणी मला शिकायची होती. शिवाय २०१७ च्या हिवाळ्यात चाळीसगाव तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागली. त्या वेळी प्रत्येक पारावर एकेक तज्ज्ञ बसला होता. बिबटे किती आहेत आणि कुठून येतात, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

घरी विषय काढला तर आजी म्हणाली, “इतलं शिकीसन बी जंगलमाच फिरानं शे ना?” नाना फार बोलले नाहीत. आदल्या साली वादळात अर्धी बाग आडवी झाली होती. ते एवढंच म्हणाले, “दोन वर्षांचा सगळा आकडा सांग. नुसती फी सांगू नको.” माझ्या शोधाला खरी दिशा या वाक्यानं मिळाली.

‘वन्यजीव व्यवस्थापन’ असं शोधलं, की डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा पदव्युत्तर डिप्लोमा समोर येतो. तो नोकरीतल्या वनाधिकाऱ्यांसाठी असतो, आपल्याला नाही. आपल्यासाठी तिथे एम.एस्सी. वाइल्डलाइफ सायन्स आहे, १९८८ पासून चालू असलेलं. बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात) वाइल्डलाइफ बायोलॉजी अँड कॉन्झर्वेशन. दोन्ही ठिकाणं अव्वल, जागा मोजक्या, आणि अर्ज सगळ्या देशातून. एनसीबीएसची बॅच वर्षाआड निघते. म्हणजे तुमचं बी.एस्सी. चुकीच्या साली संपलं, तर एक वर्ष घरी. माझं तसंच झालं, म्हणून ते नाव खोडलं. डेहराडूनला अर्ज केला, पण माझं नाव यादीत आलं नाही.

दापोली आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांतलं वनशास्त्राचं एम.एस्सी. चांगलं, पण त्याला वनशास्त्राची नाहीतर कृषीची पदवी लागते. झूलॉजीवाल्यांनी तिकडे वेळ घालवू नये.

मग पुणे. गरवारे कॉलेजात बायोडायव्हर्सिटीचं एम.एस्सी. आहे, भारती विद्यापीठाच्या पर्यावरण संस्थेतही वन्यजीव संवर्धनाचा अभ्यासक्रम निघाला. पुण्याचा मोठा फायदा म्हणजे महाडीबीटी, राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. फी सवलतीच्या बहुतेक योजना राज्यातल्याच कॉलेजांना लागू होतात. जळगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलं की झालं, आणि निम्मी चोपड्याची पोरं तिथंच आहेत. तोटा दोन गोष्टींचा. शिष्यवृत्तीचे पैसे मागाहून येतात, आधी आपल्यालाच भरावे लागतात. आणि खोलीभाडं व मेस यांचा दोन वर्षांचा हिशोब मांडला, तेव्हा तो फीच्या वर गेला. नानांचं म्हणणं खरं होतं.

याच काळात एका खाजगी विद्यापीठाचा माणूस फोनवर मागे लागला होता. माहितीपत्रकावर वाघ, आत जीपमध्ये बसलेली मुलं. मी अभ्यासक्रमाची पीडीएफ मागितली. ती यायला बराच वेळ लागला, आणि आली तर वन्यजीवांचा एकच पेपर, तोही ऐच्छिक. बाकी सगळं साधं पर्यावरणशास्त्र. फी मात्र वाघाची.

तेव्हापासून मी प्रत्येक कोर्सला एकच गणित लावायला लागले: दोन वर्षांचा एकूण खर्च भागिले जंगलात काढायचे महिने. त्यासाठी पीडीएफमध्ये काय बघायचं? प्रबंधाला पूर्ण सत्र दिलंय, की शेवटचे सहा आठवडे. लाइन ट्रान्सेक्ट (ठरलेल्या रेषेवर चालत प्राणी मोजणं) आणि कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) प्रत्यक्ष जंगलात शिकवतात, की फळ्यावर. संख्याशास्त्र आणि जीआयएस (संगणकावरचं नकाशाशास्त्र) सक्तीचे आहेत का. ऐच्छिक असतील तर माझ्यासारख्या गणिताला घाबरणाऱ्या मुली ते टाळतात, आणि मग पुन्हा हजेरीच घेत बसतात.

एक खर्च कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. अभयारण्यात संशोधन करायचं तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. कागद फिरायला वेळ लागतो. परवानगी उशिरा आली, की प्रबंध लांबतो आणि खोलीचं भाडं पुढे चालू राहतं. म्हणून मी विभागांना फोन करून विचारायचे, परवानगीचा अर्ज विभाग करतो की विद्यार्थी? फील्डवरची गाडी, राहणं, कॅमेरे कुणाचे? काही ठिकाणी समोरचा माणूस गडबडून जायचा. त्या नावांपुढे मी फुली मारली. मला वाटतं, फीच्या तक्त्यापेक्षा या दोन प्रश्नांनी मला जास्त कळलं.

असं गाळत गाळत अलीगढ मुस्लिम विद्यापीठ उरलं. तमिळनाडूत मयिलादुतुराईचं ए.व्ही.सी. कॉलेज आणि उटीचं सरकारी कॉलेज, दोन्हीकडे वाइल्डलाइफ बायोलॉजी आहे. पण गावकऱ्यांशी बोलल्याशिवाय हे काम होत नाही, आणि मला तमिळचा एक शब्द येत नाही. अलीगढला हिंदी चालते. तिथे वन्यजीव विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, विद्यापीठ केंद्रीय, त्यामुळे फी आवाक्यात, वसतिगृह आवारात. शेखा तलावासारखी पाणपक्ष्यांची जागा जवळ. माझ्या गणितात हाच आकडा सगळ्यात खाली आला.

नातेवाइकांनी विचारलं, तिथे आपल्याला घेतात का? घेतात. प्रवेशपरीक्षा सगळ्यांना खुली आहे. विचारायचंच तर हे विचारा की जागा किती उरतात, कारण निम्म्या जागा तिथूनच पदवी घेतलेल्या मुलांना जातात. जातीचं आरक्षण तिथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला काढायला मी सेतूपासून तहसीलपर्यंत उन्हात खेटे घातले होते. राज्याचं नॉन क्रिमिलेअर केंद्रीय संस्थांना चालत नाही, वेगळा कागद लागतो. तो डेहराडूनच्या अर्जाला जोडला आणि नंतर फाइलीत राहिला. तुम्ही मात्र तो वेळेत काढून ठेवा, आणि उमवितून मायग्रेशन सर्टिफिकेटही. ते ऐन प्रवेशाच्या आठवड्यात मिळत नाही.

परीक्षेला पंजाब मेलनं आग्र्यापर्यंत गेलो, पुढे बसनं अलीगढ. नाना सोबत होते. मी पेपर देत असताना ते वसतिगृहाची मेस बघून आले, आणि परतीच्या गाडीत त्यांनी जेवण, भाडं, दिवाळी-उन्हाळ्याची तिकिटं असं सगळं वहीच्या शेवटच्या पानावर मांडलं. दुर्बिणीचा आकडा मी सांगितला, तेव्हा त्यांनी चष्मा काढला. यादीत नाव आल्यावर शैक्षणिक कर्ज न काढता पहिल्या वर्षाची सोय झाली. दुर्बीण अजून जुनीच आहे, आणि प्रबंधासाठी मी मुक्ताईनगरच्या डोलारखेडा-वढोदा पट्ट्यातल्या केळीच्या बागा सुचवल्या आहेत, जिथं मेळघाटच्या बाजूनं वाघ येतो. परवानगीचा अर्ज विभागानंच पुढे पाठवलाय.