क्लच प्लेट बिचारी निर्दोष निघाली

आजचा अख्खा दिवस गाडीखाली गेला. जोरात पळवून गिअर बदलला की क्लच पेडल खालीच चिकटायचं. ज्याला विचारावं तो म्हणे, "प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरव."

आधी चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर (म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे) पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून पाहिला. प्लेट घसरत असती तर आरपीएम उसळला असता आणि वेग तिथंच राहिला असता. तसं काही झालं नाही. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात, चालू केलं की रिव्हर्स करकरतो. पेडल दोन-तीनदा मारलं की मात्र मुकाट्यानं पडतो! म्हणजे क्लच पूर्ण सुटतच नाहीये, दोष हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे पेडलचा जोर द्रवाच्या दाबानं क्लचपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेत.

या द्रवाच्या, म्हणजे फ्लुइडच्या टाकीचं झाकण उघडलं तर फ्लुइड काळंकुट्ट. हे द्रव हवेतला ओलावा शोषतं. नव्या डॉट ४ चा (ही या फ्लुइडची एक प्रत) उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ओलावा मुरला की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. टर्बोच्या धगीत वाफेचे बुडबुडे झाले की पेडलचा जोर ते बुडबुडे दाबण्यातच जातो. (फ्लुइड शेवटचं कधी बदललं, हे कृपया विचारू नका.)

नवं भरलं, ब्लीडिंग केलं, म्हणजे नळीत अडकलेली हवा काढली. पाठ मोडली, पण पेडल पुन्हा ताठ. स्लेव्ह सिलिंडरच्या (पेडलचा दाब घेऊन क्लच सोडवणारा सिलिंडर) सीलपाशी जरा ओल दिसतेय, ते पुढच्या रविवारी.