आमची वाटचाल: तेलाआधी शेंगा

लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल म्हटलं की लोक विचारतात घाणा कुठल्या लाकडाचा, तेल गरम होतं का. विचारायलाच पाहिजे, पण माझ्या मते पहिला प्रश्न हा हवा की शेंगा कशा वाळवल्या, कारण दाण्यात बुरशीमुळे एकदा अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार झालं की ते भाजून पूर्ण जात नाही आणि डोळ्याला तर दिसतच नाही. कारखान्यातल्या रिफाइंड तेलात ते प्रक्रियेत बरंचसं निघून जातं, आमच्या तेलावर ती प्रक्रियाच नाही, मग माल चांगला घेणं हाच आमच्याकडे उपाय.

आमचा घाणा कराडजवळ. सुरुवातीला बाजारातून तयार दाणे घ्यायचो. नंतर कळलं की मशीनवर शेंगा फोडताना दाणा तुटू नये म्हणून काही ठिकाणी आधी शेंगांवर पाणी मारतात, म्हणजे वाळलेल्या मालात परत ओल, बुरशीला अजून काय हवं? तेव्हापासून आम्ही शेंगाच घेतो आणि कोरड्याच फोडतो, दाणे तुटतात तर तुटू देत, घाण्याला काय फरक पडतो, फक्त फोडलेला माल साठवायचा नाही, लगेच घाण्यात घालायचा.

खरीपाच्या शेंगांची जास्त काळजी लागते, काढणी आणि परतीचा पाऊस एकाच वेळी येतात. शेतकऱ्यांना सांगतो, वेल उपटले की शेंगा वर करून उलटे ठेवा, ढीग घालू नका, ताडपत्री आम्ही देतो. शेंग कानाजवळ हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे, तरी घेताना मॉइश्चर मीटर लावतोच, दाण्यात ओल 8 टक्क्यांच्या आत असेल तर दोन पैसे जास्त देतो. शेवटच्या महिन्यात पाण्याचा ताण बसला असेल तर बुरशी शेतातच शेंगेत शिरते, म्हणून पाणी कधी दिलं तेही विचारतो.

गोडाऊनमध्ये गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून लांब, आणि पावसाळ्यासाठी हवाबंद पिशव्या. निवडायचं काम गावातल्या ताई करतात, सुरकुतलेला, काळपट, बुरशी लागलेला दाणा बाजूला, आणि माझं ठाम मत आहे की यांच्या नजरेइतकं उपयोगी मशीन आमच्या बजेटमध्ये नाही. हा काढलेला माल स्वस्तात मागणारे येतात, आम्ही देत नाही, जाळून टाकतो.

कारण पेंड, म्हणजे तेल काढल्यावर उरणारा चोथा. विष जास्त करून पेंडीतच राहतं. 1960 ला इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले ते शेंगदाण्याच्या पेंडीमुळेच, तिथूनच हे विष सापडलं. आमची पेंड दूधवाले नेतात, म्हशीने खाल्ली तर दुधात उतरतं, आणि ते दूध लहान मुलं पितात हो! दुधात या विषाची मर्यादा लिटरमागे अर्धा मायक्रोग्रॅमच आहे. म्हणून पेंडीचा लॅब रिपोर्टसुद्धा काढतो, सॅम्पल एकाच गोणीतून न घेता बऱ्याच गोण्यांतलं एकत्र करून, कारण बुरशी सगळीकडे सारखी नसते. रिपोर्ट दुकानात लावलेला असतो, पेंड न्यायला आलेल्याने आधी तो बघावा.