त्याचा आवाज असा नाही

तारीख २८ जुलै, सकाळचे सव्वादहा. स्क्रीनवर नवा कॉल आला. पुरुष, वय १९. पहाटेपासून पोटात दुखतंय, घसा दुखतोय, दोनदा उलटी. ताप नाही, जुलाब नाहीत. बीपी ११८/७६, नाडी ९२, ऑक्सिजन ९७. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचं उपकेंद्र, पेठ-सुरगाण्याच्या बाजूचं. गावाचं नाव देत नाही.

मी टेलिमेडिसिनच्या हबवर मेडिकल ऑफिसर आहे. लोकांना वाटतं, पेशंट घरी खाटेवर बसून मोबाइलवर डॉक्टरशी बोलतो. तशी सोयही आहे, ती एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात सुरू झाली. माझं काम त्याआधीच्या, नोव्हेंबर २०१९ पासूनच्या व्यवस्थेतलं. इथे पेशंट उपकेंद्रात येतो, तिथले सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, त्याला तपासतात आणि ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून मला कॉल लावतात. पेशंटचं पोट त्यांनी दाबायचं आणि मी विचारायचं, मऊ लागतंय की कडक? जीभ त्यांनी बघायची, मी विचारायचं, ओली आहे का? माझ्याकडे हेडफोन, कीबोर्ड आणि प्रश्न. पावसाळ्यात दिवसाला चाळीस-पन्नास कॉल होतात, त्यातले निम्मे अकरा ते एकच्या दरम्यान.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. कॉलच्या संख्येवर वरून लक्ष असतं. सीएचओच्या हातात पडणाऱ्या पैशाचा काही भाग कामाच्या आकड्यांवर ठरतो आणि त्या आकड्यांत हे कॉलही मोजले जातात. त्यामुळे पंचवीस तारीख उलटली की अंगदुखी, पोटदुखी, अशक्तपणा यांचे कॉल वाढतात. पेशंट खरेच असतात, पण बऱ्याच जणांना माझी गरज नसते, उपकेंद्रातच गोळी देऊन भागलं असतं. मी यासाठी सीएचओंना दोष देत नाही. ज्याने कोणी कॉल मोजायचं ठरवलं त्याला देते. पण या मोजणीने माझं काय केलं ते मला त्या दिवशी कळलं. २८ तारीख, एकोणीस वर्षांचा मुलगा, सगळे आकडे नॉर्मल. मी मनात शिक्का मारून मोकळी झाले होते.

व्हिडिओवर मुलगा खुर्चीत बसला होता. मागे खिडकी, त्यामुळे चेहरा काळवंडलेला. पाऊस कोसळत होता, नेटवर्क दर दहा सेकंदांनी अडकत होतं, चित्राचे चौकोन चौकोन होत होते. कपाळाला आठ्या दिसत होत्या. पोट दुखणाऱ्या माणसाच्या कपाळाला आठ्या असतातच. तिथल्या सीएचओ सिस्टरांनी पोट दाबून सांगितलं, "मऊ आहे मॅडम, कुठे दाबलं तरी जास्त दुखत नाही." काल काय खाल्लं ते विचारलं. भात आणि सुकट. तो स्वतः दोन-तीन वाक्यं बोलला, नाकातून, शब्द एकमेकांत मिसळलेले. हेडफोनमध्ये निम्मे लोक तसेच ऐकू येतात.

मी पॅन्टोप्राझोल लिहिलं, उलटीची गोळी लिहिली, ओआरएस लिहिलं, पोटात जळजळ थांबायला पातळ औषध लिहिलं. "संध्याकाळपर्यंत बरं वाटलं नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा," असं म्हणाले. कॉल सुरू होऊन तीन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. कर्सर शेवटच्या बटणावर होता.

तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? त्याचा आवाज असा नाही."

"असा म्हणजे?"

"असा गेंगाणा नाही. दर महिन्याला आजीच्या बीपीच्या गोळ्या न्यायला येतो तो. खणखणीत बोलतो. मला वाटलं सर्दी असेल, पण नाक मोकळं आहे."

मी इतका वेळ जे नेटवर्कच्या खात्यावर टाकत होते, ते त्याच्या घशात होतं.

पुढचा प्रश्न मी पहिल्या मिनिटाला विचारायला हवा होता. "रात्री झोपला कुठे होता?"

आवणी चालू होती. घरात पाहुणे होते, म्हणून तो पडवीत गोधडी टाकून जमिनीवर झोपला होता.

पावसाळा, जमिनीवरची झोप, पहाटे पोटदुखी, घसा, आता आवाज. मण्यार. नाग चावला की कळतं, दुखतं, सुजतं. घोणस-फुरसं चावलं तर सूज येते, रक्त येतं. मण्यार रात्री अंधारात फिरते, अंथरुणात शिरते, आणि तिचे दात इतके बारीक की चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही. माणूस झोपेतून उठतो तो पोट धरून. सूज नाही, रक्त नाही, खूण सापडेलच असं नाही. वीस मिनिटांत रक्त गोठतं का ती चाचणी करावी तर मण्यारीत रक्त व्यवस्थित गोठतं. विष मज्जातंतूंच्या टोकांवर काम करतं. आधी पापण्या, मग घसा, मग मान, आणि शेवटी श्वासाचे स्नायू.

पापण्या बघायला हव्या होत्या आणि माझ्या स्क्रीनवर सगळ्यांचेच डोळे अर्धवट मिटलेले दिसतात. चित्र अडकलं की ते नेमकं पापणी लवताना अडकतं. इथे एक युक्ती आहे, मला अनुभवाने सापडलेली. नेटवर्क कमी असताना व्हिडिओचा नाद सोडायचा आणि मोबाइलवर स्थिर फोटो मागायचा. पोचायला मिनिटभर लागतं, पण जो येतो तो स्वच्छ. मी सिस्टरांना म्हटलं, त्याचं तोंड खिडकीकडे करा, छताकडे बघायला सांगा, जवळून फोटो काढा.

फोटो आला. दोन्ही पापण्या अर्ध्या बाहुलीपर्यंत उतरलेल्या. वर बघ म्हटल्यावर डोळे गेले होते, पापण्या गेल्या नव्हत्या. आणि कपाळ. त्या आठ्या दुखण्याच्या नव्हत्या. पापण्या उचलत नाहीत म्हणून तो भुवया ताणून डोळे उघडे ठेवत होता. ते कपाळ मी तीन मिनिटं बघत होते.

मग सगळं फोनवर. "आडवा करा. उशीवरून डोकं उचलायला सांगा." उचलता येईना. "एका दमात आकडे मोजायला सांगा, मोठ्याने." चांगला धडधाकट पोरगा तीसच्या पुढे सहज जातो. हा चौदाला थांबला. आठ मिनिटांनी पुन्हा मोजायला लावलं, नऊ. ऑक्सिजन मात्र ९७ च. हे मी नवीन सीएचओंना आता पुन्हापुन्हा सांगते: फुप्फुस चांगलं आहे, फक्त भाता चालवणारे स्नायू थकत चाललेत, अशा माणसाचा ऑक्सिजन शेवटपर्यंत छान दिसतो. बोटाला लावलेलं ते यंत्र खोटं बोलत नाही, पण जे विचारायचं ते आपण त्याला विचारतच नसतो.

"त्याला पाणीसुद्धा देऊ नका. डाव्या कुशीवर ठेवा," असं सांगताना माझ्या लक्षात आलं की मी नुकतंच त्याला पातळ औषध लिहून दिलं होतं. ज्याला गिळता येत नाही त्याला.

उपकेंद्रात सर्पदंशाची लस, म्हणजे एएसव्ही, नसते, ती प्राथमिक आरोग्य केंद्रात. चौदा किलोमीटर, घाटाचा रस्ता. उपकेंद्रात अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी होती, पण नवजात बाळाची, मुठीत मावेल एवढी. १०८ ला फोन लावला, गाडी यायला तासाच्या आसपास लागणार होता. सिस्टरांनी वाट बघितली नाही. शेजारच्या माणसाची जीप काढायला लावली, मुलाचं डोकं मांडीवर घेऊन स्वतः मागे बसल्या, आणि बाळाची ती बॅगही बरोबर घेतली. "नसण्यापेक्षा बरी, मॅडम."

वडील तयार नव्हते. त्यांचं म्हणणं मी स्पीकरवर ऐकलं. साप कोणी पाहिला नाही, अंगावर चावा नाही, मग सापाचं औषध कशाला? अडाणीपणा म्हणून सोडून द्यावं असं ते बोलणं नव्हतं, कारण पंधरा मिनिटांनी हाच प्रश्न मला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी विचारला. "बाइट मार्क नाही, सूज नाही. एएसव्ही कशावर देऊ? रिॲक्शन आली तर?"

मला राग आला होता, अजूनही थोडा आहे. पण त्यांची भीतीही खोटी नाही. लसीची रिॲक्शन येते, बीपी कोसळतं, आणि लहान केंद्रात तो डॉक्टर एकटा असतो. काही बिघडलं तर गाव त्याच्या दारात, माझ्या नाही. दुरून सल्ला देणाऱ्याचं हे एक सुख आहे, त्याची मला लाज वाटते. मी त्यांना म्हटलं, "सर, पापण्या हीच खूण. फोटो पाठवलाय. ॲड्रिनलिन भरून हाताशी ठेवा आणि दहा व्हायल्स सुरू करा. मी सांगितलं म्हणून कागदावर माझं नाव लिहा." थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले, "पाठवा." पेशंट पोचायच्या आत त्यांनी सलाइन लावायची तयारी करून ठेवली होती, आणि उपजिल्हा रुग्णालयात व्हेंटिलेटर मोकळा आहे का हेही स्वतःहून विचारून ठेवलं होतं. तेही सांगायला हवं.

लस साप ओळखून द्यावी लागत नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं अशा चारही विषांवरची असते. पण मण्यारीत तिला मर्यादा आहे. मज्जातंतूच्या टोकांशी एकदा नुकसान झालं की लस ते परत फिरवत नाही, फक्त मोकळं फिरणारं विष थांबवते. टोकं आपल्या गतीने भरून येतात, त्याला दिवस लागतात. तोवर कुणीतरी त्याच्यासाठी श्वास घ्यायचा, बस. यंत्राने घ्या नाहीतर हाताने.

पुढच्या पस्तीस किलोमीटरच्या वाटेत, साडेबाराच्या सुमाराला, त्याचा श्वास थांबला. ॲम्ब्युलन्समध्ये मोठी अंबू बॅग होती. डॉक्टर मास्क धरून, सिस्टर बॅग दाबत. चाळीस मिनिटं. मला हे नंतर कळलं, कारण घाटात फोन लागत नव्हता आणि मी इकडे रक्तदाब, खरूज, गर्भवतीची हिमोग्लोबिनची गोळी असे कॉल घेत होते. रांगेत सतरा जण थांबलेले. मी त्या सतरा जणांना नीट ऐकलं का, सांगू शकत नाही.

चार दिवस व्हेंटिलेटर. पाचव्या दिवशी त्याने पापण्या उचलल्या, नवव्या दिवशी घरी गेला.

महिन्याभराने एका रविवारी मी त्या उपकेंद्रात गेले. तीन वर्षं मी तिथल्या पेशंटना औषधं देतेय आणि ती खोली मी पहिल्यांदा बघत होते. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर किती काय असतं! भिंतीवर लसीकरणाचा तक्ता, कोपऱ्यात वजनकाटा, दाराबाहेर बाकावर बसलेली आजी. टेबल जिथे होतं तिथून पेशंटच्या मागे खिडकी येणार हे उघड होतं. सिस्टर आणि मी मिळून टेबल फिरवलं. सिस्टरांच्या उजव्या अंगठ्याला अजून मुंग्या येत होत्या, बॅग दाबून दाबून. त्यांनी ते मी विचारल्यावरच सांगितलं.

मी त्यांना म्हटलं, "तुम्ही बोलला नसता तर मी कॉल बंद केला असता." त्या म्हणाल्या, "मॅडम, मी खरं तर बोलणार नव्हते. तुम्ही घाईत होता." एवढंच. तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते माझ्या डोक्यातून जात नाही. तीन वर्षांत किती जण असं काही बोलणार होते आणि माझा आवाज ऐकून गप्प बसले?

तेव्हापासून संध्याकाळी कॉल संपले की मी माझ्या जुन्या नोंदी उघडते. जून ते ऑक्टोबर, पोटदुखी, सकाळचे कॉल. बहुतेक वाचताच मन निश्चिंत होतं: जुलाब आहेत, ताप आहे, आठवड्याने पुन्हा आलाय. एकावर अडकले आहे. गेल्या वर्षीचा ऑगस्ट, मुलगी, वय ९. पोटदुखी, घसा दुखणे, सकाळी सातपासून. बीपी नोंदवलेलं नाही, ऑक्सिजन ९८. माझा सल्ला: ओआरएस, झिंक, दोन दिवसांनी दाखवणे. पुढे त्या नावाची नोंद नाही.

नोंद नसण्याचा अर्थ बरी झाली असाही होतो. बहुतेक तसंच असतं. मंगळवारी मी त्या उपकेंद्रात फोन केला. तेव्हाच्या सीएचओंची बदली झाली आहे, आता नवीन मुलगी आहे. तिने नाव लिहून घेतलं, म्हणाली, आशाताईंना विचारून सांगते, पाडा लांब आहे, पावसात ओढा ओलांडून जावं लागतं. आज शुक्रवार. तिचा कॉल आला की आधी पेशंटचं बोलणं पूर्ण होऊ देते, मग विचारते, आणि ती म्हणते, "अजून नाही मॅडम, ओढ्याला पाणी आहे."