राणीची गोधडी

हवाई बेटांवरच्या होनोलुलुला सहा दिवस होतो. त्यातले साडेचार समुद्र, ऊन आणि वायकीकीच्या वाळूत छत्री-खुर्चीचं भाडं ऐकून झालेला मनस्ताप यांत गेले. गर्दी गणपतीतल्या लक्ष्मी रोडसारखी, फक्त कपडे कमी.

ह्यांना पर्ल हार्बर बघायचंच होतं. तिथे १९४१ चा हल्ला मिनिटा-मिनिटाच्या हिशेबानं सांगतात. रांगेत पाय दुखायला लागले तेव्हा मी लेकीला विचारलं, "पण अमेरिकेचं आरमार इतक्या लांब, भर समुद्रातल्या या बेटावर आलंच कशाला?"

"साखरेमुळे, आई. उद्या दाखवते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं इओलानी राजवाड्यात नेलं. दारात बुटांवर कापडी पिशव्या चढवायला लावतात, नाहीतर लाकडी जमीन खराब होते. हे दोनदा घसरले. हवाई तेव्हा स्वतंत्र राज्य होतं; राजवाडा बांधला तिथल्या राजा कालाकाउआनं, १८८२ साली पूर्ण केला. हा गडी १८८१ मध्ये जगप्रवासाला निघाला होता, तेव्हा कलकत्त्याहून आपल्या मुंबईलाही येऊन गेला. न्यूयॉर्कला एडिसनला भेटला आणि मग राजवाड्यात विजेचे दिवे आणले, तेही व्हाइट हाउसच्या आधी. हे ऐकून सगळे पर्यटक कौतुकानं हसले. मलाही बरं वाटलं, आपल्या नातेवाइकाचं कौतुक झाल्यासारखं.

आम्हाला फिरवणारी बाई साठीची, केसांत फूल. इथे वडीलधाऱ्या बाईला आंटी म्हणतात, म्हणून मीही आंटीच म्हटलं. सिंहासनाच्या दालनात आवाज न चढवता तिनं सांगितलं, की राणी लिलिउओकलानीवर खटला चालला तो याच दालनात, तिच्याच सिंहासनाच्या खोलीत.

उसाचे मळे बहुतेक अमेरिकन वंशाच्या मळेवाल्यांचे. १८७५ च्या करारानं त्यांची साखर अमेरिकेत बिनजकात जाऊ लागली. १८८७ मध्ये तो करार वाढवून घेताना अमेरिकेनं बदल्यात पर्ल हार्बर वापरायचा हक्क घेतला. आदल्या दिवशीच्या माझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. त्याच वर्षी या मळेवाल्या-व्यापाऱ्यांच्या गटानं बंदुकीच्या धाकानं राजाकडून त्याचेच अधिकार कापणारी नवी राज्यघटना सही करून घेतली. भावामागून गादीवर आलेल्या राणीनं ती बदलायचं काढलं, तर जानेवारी १८९३ मध्ये तेरा जणांच्या समितीनं तिलाच पदच्युत केलं. अमेरिकेच्या तिथल्या राजदूताच्या सांगण्यावरून बोस्टन या युद्धनौकेवरचे १६२ सैनिक किनाऱ्यावर उतरले होते. गोळीबार करावाच लागला नाही. रक्तपात नको म्हणून राणीनं सत्ता सोडली, पण लिहून दिलं की मी या समितीपुढे नाही, अमेरिकेच्या बळापुढे वाकते आहे.

दोन वर्षांनी तिच्या माणसांनी उठाव केला, तो फसला. "तुला माहीत होतं, सांगितलं नाहीस" हा राणीवरचा आरोप. वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत ती सुमारे आठ महिने कैदेत होती.

ती खोली जवळजवळ रिकामी आहे. मध्ये काचेच्या पेटीत गोधडी. हो, गोधडीच म्हणते, क्विल्ट म्हटलं की ती हॉटेलातली वाटते. रेशमाचे, मखमलीचे वेडेवाकडे तुकडे, एकाचा आकार दुसऱ्यासारखा नाही, आणि जोडांवरून रंगीत धाग्यांचं भरतकाम. मधल्या चौकोनात हवाईचे झेंडे, नावं, तारखा. माझ्या आजीच्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर आणि सरळ धावदोरा असायचा. त्यात कुणाचं लुगडं कुठलं ते तिला ठाऊक असे, पण लिहून ठेवायची गरज तिला कधी पडली नव्हती. या बाईनं तारखासुद्धा टाक्यांनी भरल्या. वर्तमानपत्र द्यायला बंदी होती, तेव्हा तिच्या बागेतली फुलं वर्तमानपत्रात गुंडाळून आत यायची. आंटीनं हे सांगताना हातानं फुलं गुंडाळून दाखवली. मला खाली यायला उशीर झाला आणि हे चिडले. चिडू देत.

१८९७ मध्ये अमेरिकेत विलीन करू नका म्हणून अर्जावर २१ हजारांवर हवाईयन लोकांनी सह्या केल्या. तेव्हा त्यांची संख्याच चाळीस हजारांच्या आसपास. बायकांनी बेटोबेटी फिरून सह्या गोळा केल्या होत्या. विलीनीकरणाच्या कराराला अमेरिकेच्या सेनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात, ती जमेनात. पुढच्या वर्षी स्पेनशी युद्ध पेटलं, स्पेनच्या ताब्यातल्या फिलिपिन्समधल्या मनिलाच्या वाटेवर कोळशाला थांबायला बेट हवं होतं, आणि साध्या बहुमताच्या ठरावानं काम उरकलं. त्याच वर्षी पोर्तो रिको, ग्वाम, फिलिपिन्सही पदरात. १९९३ मध्ये अमेरिकन संसदेनं रीतसर माफी मागितली. राज्य परत द्यायचा विषय त्यात नव्हता.

जेवायला जाताना लेकीनं मुद्दाम गाडी एका शाळेपाशी थांबवली. आवारात विलीनीकरणाच्या वेळचा अमेरिकन राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली याचा पुतळा, हातात कागद. ह्यांनी फोनवर फोटो मोठा करून अक्षरं वाचली: विलीनीकरणाचा करार.

"पण करार तर झालाच नाही म्हणाली ना ती आंटी?" हे म्हणाले.

"नाही झाला."

"मग याच्या हातात काय आहे?"

लेकीनं गाडी सुरू केली. कुणीच काही बोललं नाही, आणि जेवणही फारसं बरं नव्हतं.