तुम्ही विचारलंत म्हणून: ते परीक्षण माझंच आहे

हो, ते परीक्षण माझंच आहे. नाव माझं, वाक्यं माझी, आणि शेवटचा तो परिच्छेदही माझाच.

ध्वनिसंयोजनाच्या कार्यशाळेत मी एम.आय.ए. या तमिळ वंशाच्या ब्रिटिश रॅपर-गायिकेचा दुसरा अल्बम वाजवला की दोन-तीन दिवसांत कुणीतरी त्या जुन्या पानाचा फोटो मला पाठवतं. खाली प्रश्न ठरलेला: "मॅडम, तुम्ही तर याला झोडपलं होतंत. मग आम्हाला हाच का ऐकवता? मत कधी बदललं?" आजवर मी "माणूस शिकत जातो" असं म्हणून विषय संपवत आले. ते खोटं नव्हतं, पण वेळ मारून नेणं होतं. आता नीट सांगते.

२००७ संपता संपता एका मासिकात मी 'कला' या अल्बमवर लिहिलं. मथळा दिला होता 'नुसता काला'. इंग्रजी स्पेलिंग पाहून मी नावच 'काला' असं वाचलं आणि सगळा लेख त्या एका शब्दावर उभा केला. हाताला लागेल ते हंडीत टाकायचं आणि कालवायचं, असा तो आरोप होता. चेन्नईचा उरुमी ढोल, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी मुलांचं रॅप आणि त्यामागचं डिजरिडू हे फुंकून वाजवायचं लांब वाद्य, त्रिनिदादचं सोका हे नाचाचं संगीत, १९८२ सालच्या हिंदी सिनेमातलं डिस्को गाणं, त्याच साली आलेल्या एका ब्रिटिश पंक गाण्याची गिटार. या सगळ्यात रॅप कुठे आहे, असं मी विचारलं होतं. आणि शेवटी लिहिलं होतं: "या गोंधळात जिथे गाणं उभं राहतं, तिथे ते मागे बसलेल्या पुरुषांच्या कानामुळे राहतं. बाई तुकडे आणते; संगीत ते करतात."

अल्बमचं नाव 'कला' आहे. ते तिच्या आईचं नाव. २००५च्या पहिल्या अल्बमला तिने वडिलांचं चळवळीतलं टोपणनाव दिलं होतं, 'अरुलर'. वडील श्रीलंकेतल्या तमिळ राजकारणात, घरात फारसे नसलेले. आई लंडनमध्ये शिवणकाम करून मुलं वाढवणारी. दुसरा अल्बम तिच्या नावाचा. कला नावाची एखादी मावशी, एखादी शेजारीण आपल्यापैकी कुणाला नाही? मला ते नाव ऐकू यायला हवं होतं. मी आईच्या नावाची थट्टा मथळ्यात छापली.

तरी त्या वेळच्या माझ्या बाजूनेही थोडं बोलते, कारण ती अगदीच बिनडोक नव्हती. 'अरुलर' मला मनापासून आवडला होता. एका छोट्या ग्रूव्हबॉक्सवर, म्हणजे ठेके आणि सूर रचायच्या यंत्रावर, बांधलेली ती सुटसुटीत, टणक गाणी. त्यानंतर हा अल्बम आला तो कानावर आदळलाच. आवाज मुद्दाम फाटलेले, ढोलांनी सगळी जागा व्यापलेली, तिचा स्वतःचा आवाज कधी कधी गर्दीत ढकलून दिलेला. शिवाय एक शंका होती, जी मला आजही रास्त वाटते: देशोदेशी फिरून तिथले आवाज उचलायचे आणि लंडनच्या शिक्क्याने विकायचे, हे कुणाच्या फायद्याचं? अमेरिकेने व्हिसा दिला नाही, तिथल्या मोठ्या निर्मात्याबरोबर अल्बम करायचा बेत बारगळला, म्हणून ती भारत, लायबेरिया, त्रिनिदाद, जमैका, ऑस्ट्रेलिया अशी फिरत राहिली. मला त्यात नाइलाज दिसला. जिथे जाता आलं तिथलं गोळा केलं, असं वाटलं.

बाहेर बहुतेक समीक्षकांनी तो उचलून धरला होता. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी नियतकालिकाने तर २००७चा सर्वोत्तम अल्बम ठरवला. खपाच्या यादीत मात्र तो ब्रिटनमध्ये ३९व्या आणि अमेरिकेत १८व्या जागेपर्यंतच गेला. मी हे आकडे माझ्या बाजूचा पुरावा म्हणून वापरले. पुढच्या वर्षी एका विनोदी सिनेमाच्या ट्रेलरमध्ये याच अल्बममधलं 'पेपर प्लेन्स' वाजलं आणि ते गाणं अमेरिकेच्या मुख्य यादीत चौथ्या क्रमांकाला पोचलं. तेव्हा मी म्हटलं, नशीब.

पण यातलं काहीच मला खरं टोचत नाही. समीक्षक चुकतात. टोचतं ते शेवटचं वाक्य, कारण ते लिहिताना मी अजाण नव्हते. अल्बम येण्याच्या सुमाराला, ऑगस्ट २००७मध्ये, तिने 'पिचफोर्क' या संगीतविषयक संकेतस्थळाला मुलाखत दिली होती. आपल्या संगीताचा करविता धनी डिप्लो हा अमेरिकी निर्माता आहे, हा समज तिने त्यात उघडपणे खोडून काढला होता. पहिल्या अल्बममध्ये त्याचा हात जेमतेम होता. दुसऱ्यातली बहुतेक गाणी तिने आणि स्विच या निर्मात्याने मिळून बांधली. तरी लोकांना मागे एक पुरुष लागतोच, असं तिचं म्हणणं होतं. ती मुलाखत मी छापून घेऊन वाचली होती. वाचली आणि तरीही ते वाक्य लिहिलं.

आता २०१४.

यंत्रमाग कामगारांवरच्या एका माहितीपटाचं पार्श्वसंगीत माझ्याकडे आलं. दिग्दर्शक तरुण, मनापासून काम करणारा. पहिल्या भेटीत त्याने माझं जुनं लेखन मागितलं, मी कात्रणांची फाइल दिली. मग चार दिवस मागांच्या शेडमध्ये रेकॉर्डर घेऊन बसले. पहिल्या दिवशी नुसता खडखडाट. तिसऱ्या दिवशी कळलं की शेजारशेजारचे दोन माग एकाच वेगाने चालतात असं वाटतं, पण चालत नाहीत. एक अगदी किंचित मागे पडत जातो, पडत पडत उलट ठेक्यावर येतो, आणि काही मिनिटांनी दोघे पुन्हा एका ठोक्यावर भेटतात. तो सरकता ठेका माझ्या संगीताचा पाया झाला. त्यावर हलगी आणली, पण पूर्ण नाही, फक्त टिपरूचा, म्हणजे ती वाजवायच्या काठीचा, टोकदार आवाज. कांड्या भरणारी एक वयस्कर बाई काम करता करता ओव्या म्हणायची. तिच्या आवाजाचे तुकडे दोन माग भेटतात बरोबर त्या ठोक्यावर ठेवले. अकरा रात्री गेल्या. कुठला आवाज घ्यायचा यापेक्षा कुठला टाकून द्यायचा यातच जास्त वेळ गेला. रेकॉर्डिस्ट माझा मित्र. त्याने दोन संध्याकाळी बसून शेवटचं मिक्सिंग केलं, आणि चांगलं केलं.

पहिल्या खेळाला आई माझ्या शेजारी बसली होती. तिला या कामातलं फार कळत नसे, पण मी रात्री जागते ते तिने पाहिलं होतं. माहितीपट संपला, श्रेयनामावली सुरू झाली. 'संगीत' या शब्दापुढे मित्राचं नाव आलं, एकट्याचं, पूर्ण पडदाभर.

आईने माझ्या कोपराला हात लावला. "तुझं नाव कुठंय गं?"

"येईल," मी म्हटलं.

ते आलं. 'विशेष साहाय्य' या मथळ्याखाली बारा-पंधरा नावं भराभर वर सरकली, त्यात आलं. आईने तेवढ्यात चष्मा पुसायला काढला होता. तिला ते दिसलं नाही, आणि मी सांगितलंही नाही. रिक्षात ती म्हणाली, "पुढच्या वेळी घालतील." समजूत काढायच्या सुरात, लहानपणी वर्गात नंबर हुकला की म्हणायची तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिग्दर्शकाला फोन केला. भांडायचं नाही असं ठरवलं होतं.

"ताई, मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "आवाज तुम्ही गोळा केलेत, जुळवलेत, ते मान्यच आहे. पण त्याला संगीताचं रूप दिलं ते त्यानेच ना?"

"त्याने लेव्हल्स लावल्या. ठेका माझा आहे. कुठे काय यायचं ते माझं आहे."

"पण ते तुकडेच होते ना, ताई. थांबा एक मिनिट, तुम्हीच हे फार छान लिहिलंय." कागद चाळल्याचा आवाज आला. आणि त्याने मला माझं वाक्य वाचून दाखवलं. बाई तुकडे आणते; संगीत ते करतात. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की मी त्याच विचाराची आहे आणि या क्षणी भावनेच्या भरात स्वतःचाच विचार विसरले आहे. "हेच म्हणतोय मी," तो म्हणाला. "यात तुमचा अपमान कुठे आला?"

मी "ठेवते" म्हटलं आणि फोन ठेवला. मला उत्तर सुचलं नाही. आजही त्या जागी काय बोलायला हवं होतं ते मला सापडलेलं नाही. चुकीचं लिहिलं होतं म्हणावं, तर तो विचारणार, कधीपासून चुकीचं? कालपासून?

त्या रात्री मी 'कला' लावला आणि डोळे उघडले, असं झालं नाही. उलट कित्येक महिने मी त्या अल्बमच्या वाटेलाही गेले नाही. आधी शोधून काढली ती छापलेली मुलाखत. समासात माझ्या अक्षरात पेन्सिलने लिहिलेलं होतं: "किती तक्रार!" अल्बम त्यानंतर बऱ्याच दिवसांनी ऐकला.

ऐकल्यावर काय दिसलं तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी फक्त जखम दाखवते आहे. 'बर्ड फ्लू' या गाण्यातला उरुमी घ्या. या ढोलाच्या एका तोंडावर वाकडी काठी घासतात, तेव्हा तो वाजण्यापेक्षा हुंदका दिल्यासारखा उमटतो. तिथे त्याच्या भोवती पोरांचा आरडाओरडा आणि कोंबड्यांचा कलकलाट आहे, आणि तिचे शब्द या सगळ्यांच्या फटीतून वाट काढतात. २००७मध्ये मला वाटलं, तिला गर्दी आवरता आली नाही. आता वाटतं, ती गर्दी जशीच्या तशी ठेवायला फार धीर लागतो. हात शिवशिवतात साफ करायला. आणि 'पेपर प्लेन्स'चं धृपद. तिथे वाक्य मध्येच तुटतं आणि ती जागा बंदुकीच्या गोळ्या आणि गल्ल्याची घंटा भरून काढतात. आवाज शब्दाच्या जागी बसलाय. अमेरिकेत टीव्हीवर त्या गोळ्यांचे आवाज बदलले गेले तेव्हा ती चिडली. चिडणारच, कुणी कवितेतून क्रियापद काढलं तर कवी चिडणार नाही? रॅप कुठे आहे, असं मी विचारलं होतं. तिथे होतं.

आता उलट बाजू. 'पेपर प्लेन्स'वर निर्माता म्हणून डिप्लोचंही नाव आहे आणि ते रास्त आहे. तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं एकटीचं नाही. हे मी कार्यशाळेत पहिल्याच दिवशी सांगते, कारण एकाचं नाव पुसून दुसरीचं मोठं करणं मला नको आहे. फेब्रुवारी २००९मध्ये ग्रॅमीच्या मंचावर चार पुरुष रॅपर आणि मधोमध ती, पूर्ण दिवस भरलेली. जे गाणं ते गात होते त्याचा पायाच 'पेपर प्लेन्स'मधल्या तिच्या आवाजाचा एक तुकडा. तुकडा कुणाचा आणि संगीत कुणाचं, हा हिशेब तेव्हा तिच्या बाजूने सुटला होता की विरुद्ध, मला ठरवता येत नाही.

आणि तुमच्या प्रश्नातला जो भाग तुम्ही सभ्यपणे विचारत नाही, तोही घेते. माझं मत संगीत ऐकून बदललं की दुखावले म्हणून बदललं? त्या दिवशी पडद्यावर माझं नाव आलं असतं, तर मी आजही 'नुसता काला'च म्हणत असते का? बहुधा हो. २००७मधली मी समोर बसून म्हणते, "तुझं आताचं मतही कानाचं नाही, फक्त बाजू बदलली आहेस." मी तिला उरुमी ऐकवते. ती ऐकते आणि म्हणते, "बरं, मग वाजवणाऱ्यांची नावं सांग." आपण सगळेच 'चेन्नईचे वादक' म्हणून मोकळे होतो, तारीफ करतानासुद्धा. ती तिथे मला पकडते.

दिग्दर्शकाशी त्यानंतर बोलणं झालं नाही. मित्र म्हणाला, "मी सांगितलं होतं त्याला, तुझं नाव बरोबर टाक म्हणून." सांगितलं असेल. आम्ही अजून एकत्र काम करतो.

मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीने त्या माहितीपटाचे मूळ ट्रॅक मागितले, सरकता ठेका कसा बांधला ते पाहायला. मी जुनी हार्ड डिस्क जोडली, फोल्डर उघडलं. माग एक, माग दोन, हलगी. शेवटी ओव्यांचा ट्रॅक. फाइलला नाव मीच दिलेलं आहे, त्या अकरा रात्रींपैकी कुठल्या तरी रात्री: 'बाई_आवाज_१'.

मुलीने विचारलं, "या आजी कोण?"